स्पॅनिशमधलं 'होणं': पोनेर्से, आसेर्से, बोल्बेर्से, केदार्से आणि आपण

रानजाई
नमस्कार मंडळी. भाषा विभागात बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. स्पॅनिश शिकतेय आणि देलेची (स्पॅनिशची परीक्षा) बी १ पातळी द्यायचा बेत आहे. सेर आणि एस्तार (दोन्हीचा अर्थ 'असणे') कसेबसे अंगवळणी पडले, तेवढ्यात 'होणे' समोर येऊन उभं राहिलं.

मराठीत मी दुःखी होते, डॉक्टर होते, म्हातारी होते, वेडी होते, आंधळी होते. सगळीकडे होणेच. स्पॅनिशमध्ये मात्र मे पोंगो त्रिस्ते, मे आगो मेदिका, मे आगो ब्येखा, मे बुएल्बो लोका, मे केदो स्येगा. शिवाय नाम आलं की कोन्बेर्तीर्से एन, आणि मोठं पद आलं की येगार आ सेर. एवढी क्रियापदं कशाला?

दुसरी अडचण त्या 'मे-ते-से'ची. पुस्तकात त्याला आत्मवाचक म्हटलंय, म्हणजे 'स्वतःला'. पोनेर म्हणजे ठेवणे. मग मे पोंगो त्रिस्तेचा अर्थ 'मी स्वतःला दुःखी ठेवते' असा घ्यायचा का? मुद्दाम कोण स्वतःला दुःखी ठेवेल? आणि केदार म्हणजे राहणे, तर 'मी स्वतःला आंधळी राहते' हे काय मराठी आहे?

कोणाला हे नीट सुटलं असेल तर सांगा. उच्चार लॅटिन अमेरिकी वळणाने लिहिलेत, स्पेनवाल्यांनी आसेर्सेचं आथेर्से करून वाचावं.

चौकटराजा
सोपं आहे, चौकट पाठ करा. तात्पुरता बदल असेल तर पोनेर्से (राग, लाज, आजार). कायमचा स्वभावबदल असेल तर बोल्बेर्से. स्वतःच्या इच्छेने, प्रयत्नाने झालात तर आसेर्से (व्यवसाय, धर्म, पैसा). काही गमावून कायमचं झालात तर केदार्से (आंधळा, बहिरा, विधुर, टकला). पूर्ण रूपांतर झालं तर कोन्बेर्तीर्से एन, राजपुत्राचा बेडूक वगैरे. वर्षानुवर्षांच्या कष्टाने पोचलात तर येगार आ सेर. मी एवढ्यावर बी २ काढली.

बोळवण
म्हणजे टक्कल कायमचं. हे व्याकरणानेही मान्य केलं तर. 😔

माद्रिदची मंजिरी
चौकटराजा, परीक्षेपुरतं ठीक, पण इथे रस्त्यावर ही चौकट दुपारपर्यंतही टिकत नाही.

इथे भाचरं वर्षाने भेटली की मावश्या म्हणतात, 'के ग्रांदे ते आस पुएस्तो!' केवढा मोठा झालास! हे पोनेर्से आहे. पोरगं पुढच्या वर्षी परत लहान होणार आहे का? केस पांढरे होतात तेही पोनेर्से: से मे आ पुएस्तो एल पेलो ब्लांको. तात्पुरते पांढरे झालेले केस मी तरी पाहिले नाहीत.

आसेर्से इच्छेने म्हणता? मग आसेर्से ब्येखो, म्हातारं होणं, कोणाच्या इच्छेने होतं? 'से इसो दे नोचे', रात्र झाली, यात रात्रीने कसला प्रयत्न केला?

केदार्से कायमचं, तर केदार्से दोर्मीदो काय? बसमध्ये डोळा लागणं. स्टॉप गेला की जागे होतोच आपण.

बोल्बेर्से वाईटच असतं असंही काही पुस्तकं सांगतात. पण वयाबरोबर माणूस जास्त प्रेमळ झाला, तर 'से आ बुएल्तो मास कारिन्योसो' सर्रास म्हणतात.

चौकटराजा
अपवाद सगळीकडे असतात. नियम शिकवायचेच नाहीत का मग?

माद्रिदची मंजिरी
शिकवायचे, पण जो टिकतो तो. माझ्या इथल्या शिक्षिकेने वेगळीच खूण दिली होती: झाल्यानंतर जे उरतं ते सेरचं की एस्तारचं, ते बघ. एस्तोई त्रिस्ते म्हणतो म्हणून पोनेर्से त्रिस्ते. एस मेदिको म्हणतो म्हणून आसेर्से मेदिको. एस्ता दोर्मीदो, म्हणून केदार्से दोर्मीदो. पोनेर्से आणि केदार्से एस्तारच्या घरातले. आसेर्से, बोल्बेर्से, येगार आ सेर हे सेरच्या. मावशी भाच्याला 'के आल्तो एस्तास' म्हणते, म्हणजे 'मागच्या वेळेपेक्षा बघ किती उंच', आणि म्हणूनच तिथे पोनेर्से येतं. तात्पुरतं-कायमचं हा मुद्दाच नाही. आधीच्या अवस्थेशी तुलना आहे की 'हा असा माणूस' अशी ओळख आहे, एवढाच प्रश्न.

एक पक्कं सांगते, ज्यात सहसा फसगत होत नाही: पोनेर्सेपुढे नुसतं नाम येत नाही. पोनेर्से मेदिको असं कोणी म्हणणार नाही. आसेर्सेपुढे नाम बिनधास्त.

तळटीप
रानजाई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते तो पहिला प्रश्न आहे.

'से' म्हणजे 'स्वतःला' हे डोक्यातून काढून टाका. आरशात स्वतःला पाहणे, इथे तो अर्थ आहे. पण 'होणे'च्या क्रियापदांत त्याचं काम वेगळं आहे आणि ते मराठी माणसाला चटकन कळायला हवं, कारण तेच काम आपण उलट्या बाजूने करतो.

मराठीत मूळ क्रियापद घ्या: दमणे. त्यात 'व' घातला की दमवणे. घाबरणे, घाबरवणे. उठणे, उठवणे. झोपणे, झोपवणे. म्हणजे आपल्याकडे आपोआप घडणारी गोष्ट मूळची आणि दुसऱ्याने घडवलेली गोष्ट 'व' जोडून केलेली.

आता स्पॅनिश बघा. कान्सार म्हणजे दमवणे. कान्सार्से म्हणजे दमणे. आसुस्तार घाबरवणे, आसुस्तार्से घाबरणे. लेबान्तार उठवणे, लेबान्तार्से उठणे. आकोस्तार झोपवणे, आकोस्तार्से आडवं होणे. त्यांच्याकडे 'व'वालं रूप मूळचं आहे आणि 'से' जोडला की करणारा माणूस वाक्यातून निघून जातो. आपण 'व' जोडून कर्ता आणतो, ते 'से' जोडून कर्ता घालवतात.

हेच 'होणे'ला लावा. मे पोनेस नेर्ब्योसो: तू मला अस्वस्थ करतोस. मे पोंगो नेर्ब्योसो: मी अस्वस्थ होतो. पोनेर आणि पोनेर्से म्हणजे करणे आणि होणे. मे बुएल्बेस लोको: तू मला वेडं करतोस. मे बुएल्बो लोको: मी वेडा होतो. कोन्बेर्तीर आणि कोन्बेर्तीर्सेचं तेच. आता तुमचं 'मी स्वतःला दुःखी ठेवते' कुठे गेलं? कोणी ठेवलंच नाही, म्हणून तर 'से' आला.

या सगळ्यात केदार्से तेवढं वेगळं. केदार हे मुळातच राहणे, त्यात घालवायला कर्ता नाही. त्याची 'करणे'वाली बाजू दुसऱ्याच क्रियापदाकडे आहे: देखार, म्हणजे सोडणे. युद्धाने त्याला आंधळं केलं, 'ला गेर्रा लो देखो स्येगो', आणि तो आंधळा झाला, 'से केदो स्येगो'. सोडणारा सोडून गेला, राहणारा तसाच राहिला. म्हणूनच केदार्सेमध्ये मागे उरल्याचा वास येतो.

थोडा इतिहास. लॅटिनमध्ये 'होणे'साठी फिएरी नावाचं चांगलं सुटसुटीत क्रियापद होतं आणि ते फाकेरे म्हणजे 'करणे' याचं कर्मणी रूप म्हणून चालायचं. स्पॅनिशपर्यंत फिएरी पोचलंच नाही. फाकेरेचं मात्र आसेर झालं, आणि त्याला 'से' लावून स्पॅनिशने तेच नातं पुन्हा उभं केलं: करणे अधिक से बरोबर होणे. रॉयल स्पॅनिश अकादमीच्या २००९च्या मोठ्या व्याकरणात ही मंडळी 'सेमिकोपुलातिबोस', अर्धसंयोजक म्हणावं असं काहीतरी, या नावाखाली सापडतील.

रानजाई
तळटीप, 🙏. 'व'चं गणित वाचून उठून बसले. (मे लेबान्ते.) चौकट लिहिलेलं पान अजून भिंतीवर आहे, पण आता त्याच्या बाजूला कान्सार-कान्सार्से लावते.

बोळवण
रानजाई, तुम्ही वर म्हटलंत की मराठीत सगळीकडे होणेच. मग तुम्ही आजारी 'होता' का?

तळटीप
बोळवण यांनी चेष्टेत मर्मावर बोट ठेवलंय. मराठीतही एकच होणे नाही हो. आपण आजारी पडतो, एकटे पडतो, पिवळे पडतो, फिके पडतो, ढिले पडतो. यंत्र बंद पडतं, गाव ओस पडतं, पैसे अपुरे पडतात. ही सगळी पडणी उताराच्या दिशेची आहेत. कोणी 'श्रीमंत पडला' किंवा 'आनंदी पडली' म्हणत नाही.

यातली बरीच स्पॅनिशमध्ये केदार्सेकडे जातात. एकटा पडला: से केदो सोलो. अपुरं पडलं: से केदो कोर्तो. मागे पडला: से केदो आत्रास. पण आजारी पडणं तिथे जात नाही, ते पोनेर्से एन्फेर्मो किंवा सरळ एन्फेर्मार. तेव्हा जुळतंय म्हणून डोळे झाकून चालू नका.

आणि राहणे! 'ती गरोदर राहिली' म्हणतो ना आपण? स्पॅनिशमध्ये 'से केदो एम्बारासादा'. केदार म्हणजेही राहणे. दोन्ही भाषांचं नातं फार दूरचं असताना दोघींनी तेच क्रियापद उचललं, हे मला फार आवडतं.

मोंतेर्रेचा मक्या
मेक्सिकोतून हजेरी. ऑटोच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे, त्यामुळे माझं स्पॅनिश शॉपफ्लोअरचं.

इथे 'केदो एम्बारासादा', 'केदो ब्यूदा' (विधवा झाली) असं 'से' शिवायही खूप चालतं. उलट एन्फेर्मारला इथे 'से' लागतो, मे एन्फेर्मे, तर स्पेनमध्ये एन्फेर्मे नुसतंच. राग आला तर स्पेनमध्ये एन्फादार्से, इथे एनोखार्से. म्हातारं होण्यासाठी इथे 'मे एस्तोई पोनिएन्दो ब्येखो' पण ऐकू येतं, पुस्तकवाले आसेर्से म्हणोत. आणि डॉक्टर-इंजिनियर 'होणे' म्हणजे पदवी हातात पडणे असेल, तर इथे लोक रेसिबीर्से वापरतात: से रेसिब्यो दे इन्खेन्येरो.

सगळ्यात कामाचं सांगतो. 'से मे इसो तार्दे.' शब्दशः 'मला उशीर झाला'. मला! आपली चतुर्थी जशीच्या तशी. आपल्या मुलांना हे एकदा ऐकवलं की विसरत नाहीत. इंग्रजीतून शिकणारे इथे 'मी उशीरा झालो' करत बसतात. आणि 'से मे आसे के बा आ योबेर', मला वाटतं पाऊस पडणार. हे आसेर्से इथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत कानावर पडतं.

माद्रिदची मंजिरी
मक्या +१. आणि तो 'मला'चा धागा ओढला तर मराठी माणसाला अर्धं स्पॅनिश फुकट मिळतं. मला आवडतं, मे गुस्ता. मला वाईट वाटलं, मे दिओ पेना. मला भूक लागली, मे एन्त्रो आम्ब्रे, मेक्सिकोत मे दिओ आम्ब्रे. आपल्याला राग 'येतो', झोप 'लागते', वेड 'लागतं', आपण कर्ता होतच नाही. फक्त लक्षात ठेवा, राग आणि झोप यांच्या बाबतीत स्पॅनिश 'मी'वर जातं: मे एन्फादे, मे दोर्मी.

मांडवीतीर
गोंयांतल्यान एक प्रतिसाद. आमच्या घरी आजीच्या पिढीत पोर्तुगीज बोलली जायची, म्हणून हा धागा वाचताना मजा आली. पोर्तुगीजमध्ये फिकार नावाचं क्रियापद आहे, अर्थ राहणे. स्पॅनिश जिथे पोनेर्से आणि केदार्से यांत वाटणी करतं तिथे पोर्तुगीज बहुतेक वेळा एकट्या फिकारवर भागवतं. दुःखी झाले, आजारी पडले, गरोदर राहिले, आंधळे झाले, सगळीकडे फिकार, आणि 'से'ची भानगडही नाही. डॉक्टर वगैरे व्हायचं असेल तर तोर्नार-से. त्यामुळे पोर्तुगीज येणारे स्पॅनिश बोलू लागले की जिथे तिथे केदार्से टाकतात, आणि समोरच्याला वाटतं हा माणूस कायम काहीतरी गमावूनच बसलेला.

कोंकणीत 'जावप' आहे, पण आजारी पडणं तिथेही दुयेंत पडपच.

चौकटराजा
तोर्नार्से स्पॅनिशमध्येही आहे.

माद्रिदची मंजिरी
आहे, पण पुस्तकी. 'एल स्येलो से तोर्नो ग्रिस', आकाश करडं झालं, असं कथेत वाचाल. बोलताना से पुसो ग्रिस. देबेनीरही तसंच, तत्त्वज्ञानाच्या वर्गात शोभतं.

बखरवाली
मी भाषेची नाही, इतिहासाची. पण तळटीप यांचं करणे-होणे वाचून राणी हुआना आठवली, कारण तिच्या बाबतीतला पाचशे वर्षांचा वाद याच क्रियापदांचा आहे.

हुआना, स्पेनमधल्या कास्तीयाची राणी इसाबेल आणि आरागोनचा राजा फेर्नांदो यांची मुलगी. १४९६ मध्ये बुर्गंडीच्या फिलिपशी लग्न. १५०४ मध्ये आई गेली आणि ही कास्तीयाची राणी झाली. (इथे कोणतं क्रियापद? आसेर्से रेईना विचित्र वाटतं, गादी वारशाने आली. कोन्बेर्तीर्से एन रेईना चालेल ना?) १५०६ मध्ये बुर्गोसला फिलिप अचानक वारला. से केदो ब्यूदा. तेव्हा ती गरोदर होती, म्हणजे एस्ताबा एम्बारासादा. धाकटी कातालिना १५०७ च्या जानेवारीत झाली. १५०९ मध्ये बापाने तिला तोर्देसियासला ठेवलं, ती १५५५ मध्ये मरेपर्यंत तिथून सुटली नाही. कागदोपत्री राणी तीच, राज्य आधी बापाने केलं, मग मुलाने, कार्लोसने.

लोकांच्या तोंडी ती 'हुआना ला लोका', वेडी हुआना. आता क्रियापद बदलत चला. से बोल्ब्यो लोका: नवऱ्याच्या मरणाने वेडी झाली, ही जुनी करुण कहाणी. ला बोल्ब्येरोन लोका: वेडी केली, कोंडून ठेवून. ला दिएरोन पोर लोका: वेडी ठरवली, कारण ती शहाणी ठरली असती तर बापाला आणि मुलाला राज्य करता आलं नसतं. इतिहासकार आज बहुतेक या शेवटच्या दोन वाक्यांच्या आसपास भांडतात. १५२० मध्ये कोमुनेरोंनी (कास्तीयातल्या शहरांतले बंडखोर) कार्लोसविरुद्ध बंड केलं, तोर्देसियासला जाऊन तिला गाठलं, तिच्या सह्या मागितल्या. तिने ऐकून घेतलं, बोलली, पण सही केली नाही. वेडी म्हणावी तर मुलाच्या विरुद्ध कागदावर सही न करण्याइतकं भान होतं.

तळटीप
वा! एवढं चांगलं उदाहरण मला सुचलं नसतं. होय, कोन्बेर्तीर्से एन रेईना ठीक. येगार आ सेर रेईनाही चालेल, तिच्या आधीचे वारस वारले म्हणून तिच्यापर्यंत गादी पोचली, आणि येगार म्हणजे पोचणेच. येगार आ सेरमध्ये कष्ट असतातच असं नाही, लांबचा पल्ला असतो. ओआहाकाच्या खेड्यातला सापोतेक मुलगा बेनितो हुआरेस मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष झाला, गनिमी टोळीत लढून तुरुंगात वर्षं काढलेला मुहिका २०१० मध्ये उरुग्वेचा राष्ट्राध्यक्ष झाला, तिथे हे क्रियापद अगदी बसतं. त्याला 'से' लागत नाही, कारण येगार आधीच अकर्मक.

बोळवण
बखरवालीताई, एक क्रियापद राहिलं. वेडी झाली, वेडी केली, वेडी ठरवली, आणि वेड पांघरून पेडगावला गेली?

बखरवाली
तोही अंदाज बांधणारे आहेतच!

मोंतेर्रेचा मक्या
बोळवणराव, त्याला स्पॅनिशमध्ये चोख जोडी आहे. बोल्बेर्से लोको म्हणजे वेडा होणे. आसेर्से एल लोको म्हणजे वेड पांघरणे. मधला 'एल' बघा, त्या एका उपपदाने पेडगाव येतं. आसेर्से एल तोंतो, खुळ्याचं सोंग घेणे. आसेर्से एल दोर्मीदो, झोपेचं सोंग घेणे. आमच्या कारखान्यात एखादा पाना कुठे गेला विचारलं आणि समोरचा छताकडे बघायला लागला की फोरमन म्हणतो, 'नो ते आगास!' पुढचा शब्द गिळून टाकतात, तो इथे लिहिण्यासारखा नसतो.

माद्रिदची मंजिरी
स्पेनमध्ये आसेर्से एल स्वेको, स्वीडिश माणसाचं सोंग घेणे. कळूनही न कळल्यासारखं करणे. स्वीडनच्या लोकांनी काय घोडं मारलं होतं कोण जाणे.

रानजाई
धागा कुठल्या कुठे गेला, पण मजा येतेय. आता माझी वाक्यं घ्या, प्रामाणिक तपासा. चहा गार झाला. दूध नासलं. भाऊ शाकाहारी झाला. साहेब आले आणि सगळे गप्प झाले. नवरा गेल्यापासून ती अबोल झाली. आणि गाव ओस पडलं.

माद्रिदची मंजिरी
चहा: एल ते से आ एन्फ्रियादो, किंवा से आ केदादो फ्रियो. दुसऱ्यात 'पिता पिता राहून गेला' असा सूर आहे.

दूध: इथे 'होणे'ची मंडळी सोडा, ला लेचे से आ कोर्तादो. कोर्तार म्हणजे कापणे. आपलं दूध फाटतं, त्यांचं कापलं जातं.

भाऊ: से आ एचो बेखेतारियानो. आपल्या घरातलं वाक्य असेल तर पुढे 'पोर सू मुखेर' (बायकोमुळे) जोडायला हरकत नाही. 😉

गप्प आणि अबोल ही जोडी मुद्दाम घातलीत ना? छान आहे. साहेब आले तेव्हा 'तोदोस से केदारोन कायादोस'. नवरा गेल्यापासून 'से आ बुएल्तो मुई कायादा'. विशेषण एकच, कायादो. केदार्से बरोबर त्या क्षणीची शांतता, बोल्बेर्से बरोबर बदललेला स्वभाव. मराठीत यासाठी आपण विशेषण बदललं, गप्प आणि अबोल. त्यांनी क्रियापद बदललं.

गाव: एल पुएब्लो से केदो बासियो. पण यावर इथे मोठं राजकारण आहे, म्हणून थोडं लांबवते. तेरुएल, सोरिया या प्रांतांत खेडीच्या खेडी रिकामी होत गेली, लोक माद्रिद-बार्सिलोनाला आले. आधी या भागाला 'ला एस्पान्या बासिया', रिकामा स्पेन, म्हणायचे. तिथल्या चळवळींनी ते नाकारलं. ते म्हणतात 'ला एस्पान्या बासियादा', रिकामा केलेला स्पेन. रेल्वे बंद केली, दवाखाने हलवले, गाव आपोआप रिकामं झालं नाही. ३१ मार्च २०१९ ला माद्रिदमध्ये मोठा मोर्चा निघाला तो याच नावाने.

तळटीप
बासिया आणि बासियादा. ओस पडलेला आणि ओस पाडलेला. एका काना-मात्रेत सरकार आरोपीच्या पिंजऱ्यात.

चौकटराजा
सगळं वाचलं. परीक्षेच्या दृष्टीने एक उपयोगी गोष्ट टाकतो, यावर तरी भांडू नका. बरेचदा दोन शब्दांऐवजी एक शब्द पुरतो. रिको वरून एन्रिकेसेर्से, श्रीमंत होणे. ब्येखो वरून एन्बेखेसेर. त्रिस्ते वरून एन्त्रिस्तेसेर्से. लोको वरून एन्लोकेसेर. नोचे वरून आनोचेसेर, रात्र होणे. गोर्दो वरून एन्गोर्दार, जाडं होणे. आधी एन किंवा आ, शेवटी बहुधा एसेर. काहींना 'से' लागतो, काहींना नाही, ते पाठच करावं लागतं. लेखी परीक्षेत दोन-चार पेरले की पेपर वजनदार दिसतो.

तळटीप
भांडत नाही, उलट दाद देतो. 'एसेर'वाल्यांतल्या एन्बेखेसेर आणि आनोचेसेरला 'से' लागत नाही, कारण त्यांच्यात आपोआप होण्याचा अर्थ आधीच भरलेला आहे. एन्रिकेसेर मात्र मुळात श्रीमंत करणे. तिथे 'करणे' आहे, म्हणून होण्यासाठी 'से' हवा. निदान अर्धी यादी पाठांतरातून वाचते.

रानजाई
शेवटचं. प्रसिद्ध झाली. आसेर्से फामोसा की बोल्बेर्से फामोसा? दोन पुस्तकांत दोन उत्तरं.

माद्रिदची मंजिरी
से इसो फामोसा. बोल्बेर्से फामोसा माझ्या कानाला खटकतं.

मोंतेर्रेचा मक्या
माझ्या कानाला अजिबात नाही. इथे से बोल्ब्यो फामोसा रोज ऐकतो, से बोल्ब्यो रिको सुद्धा. से इसोही म्हणतात.

माद्रिदची मंजिरी
तुमच्याकडे चालत असेल. माद्रिदमध्ये कोणी असं म्हटलं की लगेच विचारतील, 'तू कुठल्या देशाचा?'

मोंतेर्रेचा मक्या
आणि इथे कोणी आथेर्से म्हटलं की विचारतात, 'जिभेला काय झालं?'

तळटीप
दोघंही बरोबर. फामोसो एस्तारशी जात नाही, सेरशीच जातं, म्हणून पोनेर्से आणि केदार्से बाद. उरलेल्या दोघांत देशागणिक कल आहे. देलेला कुठल्याही देशाची प्रमाण स्पॅनिश चालते. एक वळण धरा आणि पेपरभर तेच ठेवा.

बोळवण
आणि व्हायरल होणे? टक्कलाचा फोटो टाकावा म्हणतो.

मोंतेर्रेचा मक्या
से इसो बिराल, से बोल्ब्यो बिराल, आणि आता बिरालिसार्से हे नवं एकशब्दी. तिन्ही पेपरात दिसतात. फोटो टाका, मग कोणतं लागू पडतं ते बघू.